मुंबईची लोकल : कापसापासून माणसांपर्यंत

स्मरणिका समितीनं लेख मागितला तेव्हा विषय मोकळा सोडला होता. आपल्या सोसायटीचा इतिहास बाकीची मंडळी लिहिणारच आहेत. प्लॉट कसे पडले, बोअरला पाणी कितव्या फुटावर लागलं, पहिला डांबरी रस्ता करून घ्यायला किती चकरा माराव्या लागल्या, हे सगळं त्यांनी लिहावं. मी नोकरीची वर्षं मुंबईत काढली. त्यातली बहुतेक डोंबिवलीहून व्हीटीला रोज जाण्यायेण्यात गेली. तेव्हा मला जे थोडंफार कळतं ते लोकलबद्दलच.

आता कुणी म्हणेल, बुलढाण्यातल्या सोसायटीच्या स्मरणिकेत मुंबईच्या लोकलचं काय काम? तर आपल्याच गल्लीतली घरं मोजा. कुणाचा मुलगा बदलापूरला आहे, कुणाची लेक विरारला, कुणाचा जावई घणसोलीला. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं पाया खणत होतो तेव्हा ही पोरं अंगणात क्रिकेट खेळायची. आज संध्याकाळी फोन लावला की पलीकडून ‘आत्ता गाडीत आहे, उतरल्यावर बोलतो’ एवढंच ऐकू येतं. ती गाडी म्हणजे काय प्रकरण आहे, ती तिथं कशी आली, आणि तिचा आपल्या जिल्ह्याशी किती जुना संबंध आहे, हे सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

संबंध जुना आहे म्हणजे अगदी मुळापासूनचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. दुपारी साडेतीनच्या सुमारास, २१ तोफांची सलामी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी नावं असलेली तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्यासारख्या मुंबईकरांनी त्यासाठी आधी बरीच वर्षं खटपट केली होती. पण त्याच वर्षी पुढच्याच महिन्यात, म्हणजे मे १८५३ मध्ये, निजामाशी तह होऊन आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, हे मात्र कुणी पाठ करून घेत नाही. एक महिन्याच्या अंतरानं घडलेल्या ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा, मग रेल्वे कोणासाठी होती ते आपोआप उमगतं.

ती ठाण्याच्या लोकांनी मुंबईत कामाला यावं म्हणून नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही विलायतेत स्थापन झालेली कंपनी. तिच्या मागं मँचेस्टर-लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा रेटा होता. त्यांना कापूस हवा होता, आणि कापूस वऱ्हाडात होता. तोवर आपला कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर लादून, घाट उतरून मुंबईला जायचा. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. पोचेपर्यंत मालाचा पार चुथडा. त्यामुळं ठाणे हा नुसता पहिला टप्पा होता. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. तिथून दोन फाटे निघाले, एक बोरघाटाकडं आणि एक थळघाटाकडं. बोरघाट १८६३ ला खुला झाला, थळघाट, म्हणजे आपल्या विदर्भ एक्स्प्रेसचा कसारा घाट, १८६५ ला. नंतर भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करत १८६७ मध्ये गाडी नागपुरात शिरली.

म्हणजे मुंबईची मध्य रेल्वेची लोकल आणि आपल्या मलकापूरची लाइन ह्या सख्ख्या बहिणी आहेत. एकाच कंपनीनं, एकाच कामासाठी, एकामागून एक टाकलेले रूळ. आज कसाऱ्याची लोकल जिथं थांबते तिथून पुढं घाट चढून हाच रस्ता आपल्याकडं येतो.

खामगावची गोष्ट तर आणखी बोलकी. खामगावचा कापसाचा बाजार त्या काळी देशातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. मुख्य लाइन मात्र जलंबवरून गेली. तेव्हा जलंब ते खामगाव अशी जेमतेम १३ किलोमीटरची शाखा टाकली, आणि तिच्या उद्घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. (हाच मेयो दोन वर्षांनी अंदमानात शेर अली नावाच्या कैद्याच्या हातून मारला गेला.) तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! आज आपण साध्या थांब्यासाठी निवेदनं देतो. कापसाच्या गाठीला तेव्हा जो मान होता तो माणसाला नव्हता, एवढंच त्यातून दिसतं.

ह्याच हिशेबानं बुलढाण्याला रेल्वे मिळाली नाही. घाटावर हवा थंड, म्हणून साहेबानं कचेरी इथं ठेवली. पण पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, सपाट रान आणि कापूस घाटाखाली. रूळ तिकडं गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर, कोर्ट, तुरुंग सगळं आलं, स्टेशन तेवढं नाही. मलकापूर गाठायला अजूनही राजूर घाट उतरावा लागतो. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, चिखली आणि देऊळगाव राजाच्या लोकांच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर भाषणं ऐकत म्हाताऱ्या झाल्या. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाकडून जाऊन वाहताही झाला, पण रेल्वेचं घोडं अजून अडलेलंच आहे.

मुंबईत परत येऊ. आपला कापूस तिकडं गेला आणि त्याच्या खुणा स्टेशनांच्या नावात राहिल्या. हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मधे कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. पूर्वी कापसाच्या गाठी किल्ल्याजवळच्या मोकळ्या मैदानात रचायचे, त्याला कॉटन ग्रीन म्हणत. बाजार कुलाब्याला हलला, तिथून पुढं शिवडीकडं, आणि नाव त्याच्या मागोमाग गेलं. आज त्या स्टेशनात उतरणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना ते नाव कशावरून पडलं हे ठाऊक नसेल. खामगावच्या माणसाला मात्र ठाऊक असायला हवं.

दुसरी कंपनी होती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, थोडक्यात बीबीसीआय. ती गुजरातेकडून खाली आली आणि १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली. हिचाही डोळा गुजरातच्या कापसावरच. पण हिच्याच मार्गावर १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी एक गाडी सुरू झाली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची, बस्स. उपनगरी गाडी म्हणतात ती हीच. त्या वेळची स्टेशनांची नावं वाचली की हसू येतं. नीला म्हणजे नालासोपारा, बेसीन म्हणजे वसई, बेरेवला म्हणजे बोरिवली, पहाडी म्हणजे गोरेगाव, अंदारू म्हणजे अंधेरी. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं पाटीवर लिहिलं. आज विरारची जलद गाडी म्हटल्यावर भल्याभल्यांना घाम फुटतो, तिथं दिवसातून एक गाडी पुरत होती.

पुढं चर्चगेट १८७० मध्ये आलं, आणि लाइन कुलाब्यापर्यंत वाढली. कुलाब्याचं स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं. समुद्र हटवून जमीन काढायची मोठी योजना चालू होती, रूळ मधे येत होते. लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटला थांबली. कुलाबा तेव्हापासून रेल्वेविना राहिला. त्याची गोष्ट शेवटी पुन्हा येईल.

एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि नेहमीच्या लेखांत तो कमीच येतो. जीआयपी आणि बीबीसीआय ह्या दोन वेगळ्या कंपन्या. दोघींचे मालक वेगळे, हिशेब वेगळे. मुंबई बेट लांबट, उत्तर-दक्षिण पसरलेलं. दोघींनी आपापली लाइन उभी टाकली, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. एकमेकींना भेटायची गरज कुणालाच नव्हती. १९५१ मध्ये कंपन्या जाऊन मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे झाल्या, तरी रूळ होते तिथंच राहिले. हार्बरचा एक फाटा वडाळ्याकडून माहीम-वांद्र्याला जातो, तो सोडला तर मुंबईला आडवी रेल्वे नाही. घाटकोपरच्या माणसाला अंधेरीला जायचं तर आधी दक्षिणेला दादरला यायचं, पूल चढायचा, पूल उतरायचा आणि पुन्हा उत्तरेला जायचं. नाहीतर बसमध्ये दीड तास उभं राहायचं. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. लांबी साडेअकरा किलोमीटरही नाही, स्टेशनं १२. पहिल्या दिवसापासून ती भरून वाहायला लागली ह्याचं नवल कसलं? दीडशे वर्षांची अडचण होती ती.

दादर हे ह्याचं उत्तम उदाहरण. दादर म्हणजे खरं तर दोन स्टेशनं, दोन कंपन्यांची, एका नावाची. दोन्हीकडं प्लॅटफॉर्म नंबर एकपासून सुरू. गावाकडून कुणी येणार असलं की आम्ही सांगायचो, ‘तीन नंबरवर भेट’, आणि तो बिचारा दुसऱ्याच तीन नंबरवर घामाघूम उभा. आमचे एक चिखलीचे पाहुणे पुलावर थांबून म्हणाले होते, ‘बाप्पा! येवढे लोक एकाच टायमाले कुठं जाऊन राह्यले?’ डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनं शेवटी सलग नंबर दिले, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. एवढ्या साध्या गोष्टीला किती वर्षं लागली बघा.

दादरच्या एक स्टेशन अलीकडं मात्र हसण्यासारखं काही नाही. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड ही दोन स्टेशनं अगदी शेजारी. पुन्हा तेच, दोन कंपन्या, दोन स्टेशनं, मधे एक अरुंद पादचारी पूल. आजूबाजूला गिरण्या होत्या तोवर कामगार चालत यायचे, कारण चाळी जवळच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. तो अधिकृतपणे मिटलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. त्यांच्या जमिनींवर काचेची ऑफिसं उभी राहिली. आता तिथं काम करणारा माणूस चाळीत राहणारा नव्हता. तो कल्याणहून आणि विरारहून गाडीनं येणारा होता. गर्दी कित्येक पट झाली आणि पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, लोक जिन्यात थांबले, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या, आणि चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. काही महिन्यांत एवढं काम झालं, म्हणजे ते होण्यासारखं होतं. पुढं त्या स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं. नाव बदललं त्याला माझी हरकत नाही. पण त्या दिवशी माझ्या ओळखीतल्या तीन घरांतून एकमेकांना फोन लागत नव्हते, ते दोन तास मी विसरलेलो नाही.

आता थोडं विजेबद्दल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गानं, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांनी तिला निरोप दिला. पश्चिमेकडं जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली. हे का केलं? धुराचा त्रास होताच, पण खरं कारण वेगळं. वाफेचं इंजिन शेवटच्या स्टेशनावर डब्यांपासून सोडवून पलीकडच्या टोकाला जोडावं लागतं. पाणी भरा, कोळसा भरा. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन खाली उतरून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलटी निघते. शिवाय ती झटक्यात वेग घेते आणि झटक्यात थांबते. जिथं दर दीड-दोन किलोमीटरवर स्टेशन आहे तिथं ह्याच गोष्टीला मोल. विजेची गाडी आली तेव्हाच लोकल ही खऱ्या अर्थानं लोकल झाली. जीआयपीनं त्यासाठी ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर बांधलं होतं, चोळा पॉवर हाऊस. आम्ही डोंबिवलीकर खिडकीतून त्याच्या चिमण्या बघत मोठे, म्हणजे म्हातारे झालो. आपल्या मलकापूर-शेगाव मार्गावर विजेच्या तारा यायला पुढं कित्येक दशकं गेली.

माणसं उपनगरात गेली का, हाही प्रश्न आहे. नुसती गाडी आहे म्हणून कुणी घर सोडत नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि दाट वस्तीची सगळ्यांनाच भीती बसली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दादर-माटुंग्याकडं मोकळे प्लॉट पाडले गेले. ज्यांना परवडलं ते सरकले. आणि इथं आपल्या सोसायटीच्या कुळाचा उल्लेख यायलाच हवा. सहकारी गृहनिर्माण संस्था हा प्रकार ह्याच काळातला. १९१२ च्या सहकारी कायद्यानं पतपेढ्यांखेरीज इतर कामांसाठीही संस्था काढायला वाट मिळाली, आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सोसायटी नोंदली गेली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्मकी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. आपल्या वार्षिक सभेत ज्या मेंटेनन्सवरून आवाज चढतात, त्याची मुळं तिथवर जातात म्हणायची! गावदेवी म्हणजे ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जागा. पुढं सांताक्रूझ, पार्ले, मुलुंड, डोंबिवली, जिथं जिथं सोसायट्या झाल्या तिथं जाहिरातीत एक ओळ ठरलेली, ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. ती पाच मिनिटं कुणाच्या पायांनी मोजतात हे मला आजवर उमगलेलं नाही.

आपल्याकडं प्लॉट घेताना आपण पाणी बघतो, शाळा बघतो. मुंबईत पहिल्यांदा गाडी बघतात. कुठली लाइन, जलद थांबते का, पहाटेची पहिली कधी आणि रात्रीची शेवटची कधी. लग्न जुळवतानासुद्धा मुलगा हार्बरचा की मेनचा हे विचारतात, ही थट्टा नाही.

बहुतेक उपनगरांत आधी रूळ होते, मग घरं आली, आणि घरांच्या मागं गाड्या धावत सुटल्या, त्या कधीच पुरल्या नाहीत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, त्याचं उल्हासनगर झालं. साठ-सत्तरीत दक्षिण मुंबईतल्या चाळींतली मराठी कुटुंबं डोंबिवलीला आली, नंतर बदलापूर, वसई, विरार. ह्याला एक मोठा अपवाद नवी मुंबईचा. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, पण वाशीला रेल्वे यायला १९९२ उजाडलं. खाडीवर पूल बांधायचा होता आणि रेल्वेकडं पैसा नव्हता. तेव्हा असं ठरलं की खर्चाचे ६७ टक्के सिडको देईल, ३३ टक्के रेल्वे. जमिनी विकून आलेल्या पैशातून स्टेशनं उभी राहिली, ती केवढी प्रशस्त ते वाशी-बेलापूरला उतरलेल्यांनी पाहिलंय. स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं आहेत. घर, जमीन आणि रेल्वे ह्यांचा हिशेब एकाच वहीत मांडला तर काय होतं ते तिथं दिसतं. पुढं बेलापूर, पनवेल, ठाणे-वाशी असं जाळं वाढलं आणि जानेवारी २०२४ मध्ये गाडी उरणला पोचली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मुंबईच्या रेल्वेत झालेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. आपल्या भागातल्या मार्गाची चर्चा निघते तेव्हा खर्च केंद्राचा की राज्याचा ह्यावरच गाडं अडतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

बायकांबद्दल लिहिलं नाही तर घरातच पंचाईत व्हायची. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली ही पूर्ण महिलांची गाडी सुरू झाली, लेडीज स्पेशल. जगात अशी ती पहिलीच मानतात. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, हळदीकुंकू होतं, हे सिनेमातलं नाही, सौ.नं स्वतः केलेलं आहे. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळ असतं, पत्ते असतात आणि चौथ्या सीटवरून भांडणं असतात. तीन माणसांच्या बाकावर चौथ्यानं टेकायचं हा मुंबईचा अलिखित कायदा आहे. आपल्या एस.टी.त तो चालवून बघा!

पण ही गंमत बसायला मिळालेल्यांची. रोज सुमारे ७५ लाख प्रवास ह्या गाड्यांनी होतात. ज्यांना आत शिरता येत नाही ते दारात लटकतात. मुंबईच्या उपनगरी रुळांवर बहुतेक वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली, ती तारीख सगळ्यांना आठवते. पण दर वर्षी त्याच्या दहापट माणसं एकेक करून जातात, त्यांची तारीख नसते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, त्यात काही जीव गेले. ते वळण मी हजारो वेळा पार केलंय. पारसिकचा डोंगर आडवा आहे, २०२२ पर्यंत जलद गाड्या बोगद्यातून सरळ जायच्या आणि धीमी गाडी डोंगराला वळसा घालून जायची. तिथं आलं की दारातला माणूस आपसूक आत अंग चोरायचा. आत जागा असली तर. सगळ्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारं बसवा असं म्हणतात. २५ डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल सुरू झाली, तिला तशी दारं आहेत. पण साध्या गाडीत दारं मिटली तर आतल्यांना हवा कुठून मिळणार, आणि दार मिटेपर्यंत गाडी थांबून राहिली तर मागची गाडी कुठं जाणार? दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचं अंतर असतं. घरात बसून उपाय सुचवायला सोपं जातं.

ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी फोनवर ‘दारात उभा राहू नको’ हे जरूर सांगावं. एक गाडी गेली तर जाऊ दे, असंही सांगावं. ऑफिसच्या हजेरीचं मशीन काय म्हणतं ते आपल्याला इथून कळत नाही, तरी सांगावं.

आता मेट्रोकडं वळतो, कारण नव्या पिढीला तेवढंच ऐकायचं असतं. वर्सोवा-घाटकोपरनंतर पश्चिम उपनगरात दहिसर-अंधेरी पट्ट्यात २०२२-२३ मध्ये दोन मार्ग आले. आपल्या विदर्भात नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्येच धावली होती, ते श्रेय नागपूरला द्यायला हवं. मुंबईची खरी कमाल मात्र तिसऱ्या मार्गाची. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, जवळजवळ सगळं जमिनीखालून. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. आरेतल्या झाडांवरून त्यात केवढा वाद झाला ते आपण बातम्यांत पाहिलं. मला त्या नकाशात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे कुलाब्याच्या शेजारी कफ परेडला स्टेशन आलं. १९३० च्या अखेरीस त्या टोकाची रेल्वे गेली होती, ती पंच्याण्णव वर्षांनी जमिनीखालून परतली.

आणि दुसरी गोष्ट अशी की चर्चगेट आणि सीएसएमटी एकाच मार्गावर आले. जीआयपीचं शेवटचं स्टेशन आणि बीबीसीआयचं शेवटचं स्टेशन, दोघांमधलं अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं. दीडशेहून अधिक वर्षं लाखो लोक ते पायीच कापत आले, डोक्यावर छत्री धरून, हातात डबा घेऊन, फ्लोरा फाउंटनला वळसा घालून. मीही कापलंय. आता मधे एकच स्टेशन, हुतात्मा चौक. तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसनं पहाटे उतरून मंत्रालयात फाइल घेऊन जाणाऱ्या आपल्या सभासदांनी टॅक्सीवाल्याशी घासाघीस न करता सीएसएमटीलाच खाली उतरावं. मंत्रालयासाठी विधान भवन स्टेशन जवळ पडतं, सीएसएमटीपासून तिसरं.